उभी खाट

ही गोष्ट ऐकीव नाही. माझ्या घरात घडली, माझ्या बाबांच्या बाबतीत, आणि ती घडताना मी तिथे उभी होते.

भुताच्या गोष्टीत अमावास्या असते, पिंपळ असतो, रात्रीचे बारा वाजलेले असतात. माझ्या गोष्टीत यातलं काही नाही. मे महिन्यातली टळटळीत दुपार होती. दवनीवाड्याच्या पुढे एक गाव आहे. त्या गावाबाहेर धानाचं जुनं गोदाम आहे.

तिथे.

गावाचं नाव लिहिणार नाही. लोक अजून त्या जागी येतात, लेकरं घेऊन येतात.

ज्यांना खोटं वाटेल त्यांना वाटू द्या. दुसऱ्या कोणी सांगितली असती तर मीही हसले असते.

माझं नाव रचना. गोंदियात राहते. संग्रहालयांची आखणी करणं हे माझं काम. कोणती वस्तू कुठे ठेवायची, पाटी किती उंचीवर लावायची, दारातून आत आलेल्या माणसाला पहिलं काय दिसावं, हे ठरवायचं. आई शेजारणींना सांगते, "म्युझियममध्ये सामान लावते." तेही चुकीचं नाही.

त्या गोदामाचं गावासाठी संग्रहालय करायचं काम एका संस्थेनं मला दिलं होतं. मी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं, इथे 'हात लावू नये' अशी एकही पाटी लागणार नाही. काचा नाहीत, कपाटं नाहीत. उंबरठे काढले. व्हीलचेअर जाईल असा उतार बांधला, त्याला कठडा बसवला. पाट्या खाली लावल्या, मोठ्या अक्षरांत, मराठी, हिंदी आणि गोंडीत. ज्याला दिसत नाही त्यानं चाचपून पाहावं. ज्याचे पाय दुखतात त्याला जागोजागी बसता यावं.

"आत येऊ का जी?" असं दारात उभं राहून विचारणारा माणूस दिसला की मला राग येतो. त्याचा नाही. त्याला तसं विचारायला ज्यांनी शिकवलं त्यांचा.

उतार सगळ्यांसाठी आहे, असं मी संस्थेला सांगितलं होतं. खरं म्हणजे तो मी बाबांसाठी बांधला होता.

बाबा, रत्नपाल, एसटीत कंडक्टर होते. भरल्या गाडीत शेवटच्या सीटपर्यंत आवाज जायचा. दोन वर्षांपूर्वी लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. राहिला तो एक 'अं'. भूक लागली, अं. पंखा लाव, अं. कोणता 'अं' कशाचा ते आईला बरोबर कळायचं.

मला त्यांच्या तोंडून माझं नाव ऐकायचं होतं. एकदा. बाकी काही नको होतं. डॉक्टर म्हणाले, आता कठीण आहे. तरी मी रोज त्यांच्यासमोर बसायची आणि म्हणायची, "बाबा, र म्हणा. र..." ते माझ्या ओठांकडे बघत राहायचे. खूप जोर लावायचे. मग थकून मान फिरवायचे.

गोदामाच्या मागच्या अंगाला एक खोली होती. तिला आम्ही 'घर' म्हणायचो. चूल, जातं, सूप, धान साठवायची ढोली, सगळं गावकऱ्यांनी दिलेलं. पाहुण्यानं यावं, चुलीपुढे बसावं, जातं फिरवून पाहावं, अशी ती खोली.

लोक संग्रहालयाला काय देतात, याचा मी तोवर विचार केला नव्हता. चांगली वस्तू घरात राहते. मोडकी उकिरड्यावर जाते. आमच्याकडे येते ती, जी ठेववतही नाही आणि फेकवतही नाही.

खाट तशीच आली.

प्रफुल नावाचा शेतकरी ट्रॅक्टरवर घेऊन आला. सागवानी खाट, अंबाडीच्या दोरीनं विणलेली. दोरी अजून ताठ होती. त्यानं ती 'घर'मध्ये नेली आणि भिंतीला टेकवून उभी केली.

"आडवी टाका ना," मी म्हटलं.

"उभीच राहू द्या, मॅडम."

"काऊन?"

"उभीच बरी हाय ते. आडवी नोका करू."

एवढं बोलून तो गेला. चहालाही थांबला नाही.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. का, ते सांगते.

आमचे आजोबा मजुरी मागायला मोठ्या शेतकऱ्यांच्या घरी जायचे. ते दुरून येताना दिसले की घरातलं कोणीतरी उठायचं आणि अंगणातली खाट उभी करून ठेवायचं. आजोबा चुकून टेकले तर? 'बसू नको' असं तोंडानं म्हणण्याचा त्रासही वाचायचा. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली. त्या अंगणांतली खाट काही त्यामुळे आडवी झाली नाही. ही गोष्ट बाबांनी मला लहानपणी इतक्यांदा सांगितली की उभी खाट मला आजही बघवत नाही.

आणि इथे, माझ्या संग्रहालयात, कोणी येऊन खाट उभी करून जातो?

मी ती आडवी केली. वर भिंतीवर लहानशी पाटी लावली. 'बसा.'

दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघते तर...

खाट उभी.

किल्ली वच्छलाबाईंकडे असायची. त्या गावातल्याच. झाडलोट करायच्या, पाणी भरायच्या.

"वच्छलाबाई, खाट कोणी उभी केली?"

"म्या केली."

"काऊन?"

"अन्नपूर्णाबाईची खाट हाय ते. प्रफुलच्या मायची."

"मग?"

"मंग काय. उभीच राहते ते."

"इथं ती आडवीच राहणार," मी म्हटलं. "आणि येईल तो तिच्यावर बसणार. कोणाचीही असो."

त्यांनी झाडू उचलला. भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान काही बोलल्या असत्या. पण त्या दिवसापासून त्यांनी 'घर'मध्ये पाय ठेवला नाही. दारातूनच झाडू फिरवायच्या.

मग बारीकसारीक गोष्टी सुरू झाल्या.

दुपारी मी बाहेरच्या दालनात पाट्या लावत असायची. गाव तेंदूपत्त्याच्या कामात, रस्त्यावर कुत्रं नाही. तेवढ्यात मागच्या खोलीतून...

कुर्र.

दोरीचा आवाज. कोणी कूस बदलली की खाट वाजते तसा.

जाऊन पाहिलं. खोली रिकामी. म्हटलं, उन्हानं लाकूड तडकतं.

ताठ होती तरी आदल्या दिवशीच मी माणूस लावून ती दोरी आणखी ताणून घेतली होती. आता मध्यभागी ती खाली गेलेली होती. हात लावला.

गरम होती. पण त्या खोलीत ऊन येत नाही.

आणि एक आवाज होता, तो मात्र मला कधीच समजावता आला नाही. दुपारी कधीतरी... बाहेरून कडी घातल्याचा आवाज यायचा. लोखंडी कडी. खट्ट.

त्या दाराला कडी नव्हती. आत कोणी अडकू नये म्हणून मीच ती काढायला लावली होती.

मी घाबरले का? नाही. मला उद्घाटनाची घाई होती, आणि घाईत माणसाला भूतही दिसत नाही.

उद्घाटनाआधी बाबांना आणून उतार तपासायचा, असं मी घरी सांगितलं.

"एवढ्या उन्हात कायले नेऊन राहिली त्यांना?" आई म्हणाली. तिचं नाव अल्का. तिनं माझं ऐकलं नाही असं क्वचितच होतं. कुरकुर करत तीही आली.

उतार चांगला होता. बाबांची व्हीलचेअर सरळ आत गेली. मी बाबांना सगळं दाखवलं. मग 'घर'मध्ये नेलं. माझ्या मनात वेगळंच होतं. त्या खाटेवर पहिला बसणारा माणूस रत्नपाल असणार होता. ज्याच्या बापाला कोणी टेकू दिलं नाही, तो.

आई आणि मी त्यांना धरून खाटेवर बसवलं. ते थकले होते, म्हणून आडवं केलं. त्यांनी वर पाटी पाहिली. डोळे भरून आले त्यांचे. माझेही.

"थोडा वेळ पडू दे," आई म्हणाली. आम्ही दोघी पाणी प्यायला ओसरीवर आलो. वच्छलाबाई तिथे माठाजवळ बसल्या होत्या.

"बाबा कोठी हायेत?" त्यांनी विचारलं.

"आत. खाटेवर."

त्या उठल्या, चपला घातल्या आणि भर उन्हात आपल्या घराकडे चालू लागल्या.

तेवढ्यात आतून...

खट्ट.

आणि मग...

"पाणी दे वो."

आईचा ग्लास हातातच राहिला.

बाबांचा आवाज होता. स्वच्छ, मोठा, गाडीतल्यासारखा. आम्ही धावलो. बाबा छताकडे बघत पडले होते.

"पाणी दे," पुन्हा आवाज आला.

आई रडायला लागली. मी त्यांना पाणी पाजलं. मी आयुष्यात इतकी खूश कधीच झाले नव्हते, हे मला सांगितलंच पाहिजे.

खुर्चीत बसवून बाहेर आणलं. पुन्हा गप्प.

घरी आलो. गप्पच.

दुसऱ्या दिवशी आईनंच विचारलं, "जायचं का?" मग आम्ही रोज जायला लागलो. आई डबा करून घ्यायची. बाबांना खाटेवर निजवायचं, जरा बाहेर यायचं, की ते बोलायला लागायचे. मी संस्थेला फोन करून उद्घाटन पुढे ढकललं. कारण काय दिलं तेही आठवत नाही.

आधी पाणी, भाकर, गरम होते, एवढंच. मग एक दिवस...

"ढोरं आली का वावरातून?"

आमच्याकडे ढोरं कधीच नव्हती. वावरही नव्हतं.

"धानाचा रोवणा झाला का?"

आई हसली. "कंडक्टर होते. गावोगावच्या बाया काय बोलतात ते ऐकलं असंल गाडीत." मलाही ते पटलं. पटवून घेतलं.

"दार लावून नोका जाऊ. ए प्रफुल... दार नोको लावू."

प्रफुलला बाबांनी कधी पाहिलं नव्हतं. त्याचं नाव आम्ही घरात घेतलं नव्हतं.

मी वाकून विचारलं, "बाबा, मी कोण? माझं नाव सांगा."

मग...

"बस इथं. जाऊ नोको."

तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

आवाज अजून येत होता... "बस ना... बस..."

बाबांचे ओठ मिटलेले होते.

मी आईला काही सांगितलं नाही. प्रफुलला फोन केला. तो आला, पण उतारावरच थांबला. आत या म्हटलं तर मान हलवली. बाबा आत खाटेवर होते, आई त्यांच्याजवळ.

आतून आवाज आला, "प्रफुल... आला का रे बाप्पा?"

प्रफुल तिथेच खाली बसला. दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"माय लई वर्षं होती त्या खाटीवर," तो म्हणाला. "उठता येत नोहतं तिले. रोवण्याच्या दिवसांत घरी कोण राहते, मॅडम? कुत्रं घुसू नये म्हणून भाईरून कडी लावून जावो आमी. माय दिवसभर हाका मारे. शेजारचे सांगत. काय करतो मी? वावर सोडून बसतो?"

मी त्याच्या शेजारी उतारावर बसले.

"त्याच खाटीवर माय गेली. माणूस मेलं का आमच्या घरी खाट उभी करतेत. आडवी दिसली का ते परत निजायले येते, म्हणतेत. तेरवी झाली का मोडतेत खाट. माह्या बापानं मोडू नाही देल्ली. तशीच उभी ठेवली. मंग बाप गेला. आता घरात ठेवू वाटे ना, मोडू वाटे ना."

"हे तुम्ही मला आधी काऊन नाही सांगितलं?"

"सांगतलं होतं ना," तो म्हणाला. "उभी राहू द्या म्हणून."

खरं होतं. सांगितलं होतं. मला त्यात आजोबांचं अंगण दिसलं, त्याला मी काय करू?

संध्याकाळी घरी आईला सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. ऐकून घेतलं.

"उद्या खाट उभी करते," मी म्हटलं.

"नको करू."

"आई, ते बाबा नाहीत बोलत."

"बोलणं दुसऱ्या कोणाचं असंल," ती म्हणाली. "आवाज त्यांचाच आहे. दोन वर्षांनी ऐकून राहिली मी. तू उभी केली तर माझ्याशी बोलू नको."

मला तिचा राग आला नाही. मलाही तेच वाटत होतं. आज नाही तर उद्या त्या आवाजात माझं नाव येईल, या आशेवर मीही रोज खुर्ची ढकलत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. उताराशी आलो. खुर्ची पुढे जाईना.

बाबांनी डाव्या हातानं कठडा धरला होता.

मी बोटं सोडवू लागले. सुटेनात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. भीतीनं डोळे विस्फारले होते. तोंड उघडलं, जोर लावला, गळ्याच्या शिरा ताणल्या...

काही नाही. 'अं'सुद्धा नाही.

आणि मला आठवलं, घरी बऱ्याच दिवसांत मी 'अं' ऐकलाच नव्हता. जेवण झालं का, पंखा लावू का, सगळं आम्हीच विचारत होतो आणि आम्हीच ठरवत होतो. आवाजाच्या आनंदात आमच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मी खुर्ची मागे वळवली. कडुनिंबाच्या सावलीत लावली. आईला म्हटलं, "इथंच थांब." तिला काय ते कळलं. ती माझ्याकडे न बघता बाबांच्या शेजारी बसली.

मी एकटी आत गेले.

खाट रिकामी होती. पण दोरी मध्ये खोल गेलेली होती.

मी एका बाजूनं उचलायला गेले. रोज सहज हलवायची मी ती. आज हलेना. जड होती, माणूस निजल्यावर जड होते तितकी. मी खांदा लावला. घामानं हात निसटत होते. अगदी जवळून, माझ्या कानाशी, कोणीतरी श्वास घेत होतं...

मी थांबले नाही. सगळा जीव लावून उचलली.

एकदम हलकी झाली. भिंतीला टेकली. उभी राहिली.

खोलीत गारवा आला. कसलाही आवाज नाही. मी बाहेर ओसरीवर आले. ऊन डोळ्यांवर आलं. समोर झाडाखाली आई बसली होती. खुर्चीत बाबा होते. तोंड मिटलेलं. माझ्या मागे, दाराकडे बघत होते.

तेव्हा माझ्या पाठीमागून, त्या रिकाम्या खोलीतून...

आधी घसा खाकरल्याचा आवाज आला. बाबांची सवय. हाक मारायच्या आधी ते नेहमी खाकरायचे.

आणि मग...

"रचना."

दोन वर्षं मी ज्यासाठी थांबले होते, ती हाक. तशीच. 'ना' जरा लांबवलेला. अन्नपूर्णाबाईंना तशी हाक मारता आली नसती. कोणालाच आली नसती.

समोर बाबा गप्प बसले होते. गालांवरून पाणी वाहत होतं.

"अल्का..." आतून आवाज आला.

आई उठली. "आली, आली," म्हणत ती दाराकडे निघाली, घरात हाकेला ओ देऊन जायची तशी. बाबांचा डावा हात आला आणि त्यांनी तिचा पदर धरला. तिनं ओढला. त्यांनी सोडला नाही. तिनं पुन्हा ओढला. पदर फाटला, पण बाबांची मूठ सुटली नाही. मी धावत जाऊन दोघांनाही धरलं.

आम्ही घरी कसे आलो, मला नीट आठवत नाही.

संग्रहालय आता सुरू आहे. चांगलं चाललं आहे. म्हातारी माणसं उतारावरून येतात, न विचारता आत जातात. खाट उभी आहे, भिंतीला बांधून टाकली आहे. कोणाला काही ऐकू येत नाही. निदान मला कोणी सांगितलेलं नाही.

बाबा घरी असतात. एकही आवाज काढत नाहीत. डॉक्टर म्हणतात, असं होतं कधी कधी.

आई माझ्याशी कामापुरतं बोलते. मधून मधून दुपारी ती एकटीच दवनीवाड्याची बस धरते. कुठे जाते ते मी विचारत नाही. वच्छलाबाईंनी फोनवर सांगितलं की ती 'घर'च्या दाराशी बसून बोलत असते. कोणाशी, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

परवा ती आली. चपला काढल्या, पाणी प्यायली आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून म्हणाली,

"ते विचारत होते, रचना काऊन येत नाही म्हणून."

बाबा तेव्हा माझ्या शेजारीच बसले होते. त्यांनी माझा हात घट्ट धरला.

मी अजून गेलेले नाही. जाणार नाही, असं मात्र मला म्हणता येत नाही.